अन्न नको म्हणणाऱ्या मुली

कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात कालिदासाने पार्वतीच्या ‘उमा’ या नावाची एक व्युत्पत्ती दिली आहे. तपाला निघालेल्या मुलीला आई मेना ‘उ मा’, म्हणजे ‘अगं, नको’, असे म्हणाली आणि ते निषेधाचे शब्दच मुलीचे नाव होऊन बसले. पाचव्या सर्गात हीच मुलगी झाडावरून आपोआप गळलेली पानेसुद्धा खायची सोडते आणि ‘अपर्णा’ ठरते. हरितालिकेची कहाणी याच तपाची. भाद्रपद शुद्ध तृतीयेला आपल्या बालाघाटच्या मराठी घरांत वाळूची पिंड मांडून ही कहाणी वाचली जाते आणि त्याच दिवशी शेजारच्या हिंदीभाषक घरांतून तीज पाळली जाते. लहानपणापासून मी ती ऐकत आलो. ऐकणाऱ्यांचे सगळे लक्ष अपर्णेकडे असते. ‘नको’ म्हणणाऱ्या मेनेकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. प्रस्तुत लेख मेनेच्या बाजूने लिहिला आहे.

विषय आहे एका आजाराचा. वैद्यकशास्त्र त्याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणते. ग्रीक शब्दांवरून अर्थ लावला तर ‘भूक नसणे’ असा होतो आणि तो चुकीचा आहे. ‘अन्नावरची वासना उडाली’ असे आपण म्हणतो तो प्रकार हा नव्हे. या आजारात वासना जागच्या जागी असते. पोटात कावळे ओरडत असतात आणि मुलगी त्यांना ओरडू देते. बहुधा बारा-तेरा ते वीस या वयात तो सुरू होतो, मुलींत अधिक, पण मुलांतही होतो. मानसिक आजारांत जीवघेणेपणाच्या दृष्टीने त्याचा क्रम फार वरचा आहे. समवयस्कांच्या तुलनेत या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पाच-सहा पटींनी अधिक भरते. आपल्याकडे हा आजार नसतोच, तो पाश्चात्त्यांच्या सुबत्तेचा रोग आहे, असे मी पुष्कळ सुशिक्षितांच्या तोंडून ऐकले आहे. मीही बरीच वर्षे तसेच म्हणत असे, आणि तेही माझ्या सख्ख्या बहिणीला तो होऊन गेलेला असताना.

आमची ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिची हकिगत येथे लिहिण्याची परवानगी तिने दिली आहे. नाव घालायचे नाही, एवढीच अट. १९७३ च्या उन्हाळ्यात, दहावीची परीक्षा झाल्यावर, तिला कावीळ झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेल-तूप बंद, उसाचा रस, मुगाचे पाणी, असे पथ्य दोन-अडीच महिने चालले. कावीळ उतरली, पथ्य उतरले नाही. श्रावणात तिने सोळा सोमवार धरले, त्यांत शनिवार आले, मग दोन्ही एकादश्या. घरात कौतुक झाले. मुलगी सडपातळ झाली, चेहऱ्यावर तेज आले, शिवाय अकरावीच्या बोर्डाच्या अभ्यासात खंड नाही. पहाटे चारला उठून अभ्यास, मग विहिरीचे पाणी भरणे, मग पायी शाळा. मार्च १९७४ मध्ये ती पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली तेव्हा तिचे वजन पस्तीस किलोच्या आत आले होते आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिची पाळी त्याआधीच कधीतरी बंद झाली होती. ती गोष्ट आईला ठाऊक होती, वडिलांना नव्हती.

या जागी घराची पार्श्वभूमी थोडी सांगितली पाहिजे. आमचे पणजोबा भंडाऱ्याकडून वैनगंगेच्या काठाकाठाने इकडे आले, मालगुजाराच्या दिवाणजीचे काम धरून. आपल्या सभासदांपैकी बहुतेकांच्या घरी अशीच काहीतरी कथा असेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा आणि नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, बाजार हिंदी. मराठीपण उरले ते स्वयंपाकघरात आणि देवघरात. पुण्या-मुंबईच्या घरांतून जी व्रते तोवर सैल झाली होती ती इकडे घट्ट धरली गेली, आणि ती धरण्याचे काम घरातल्या मुलींकडे आले. ताईने उपवास वाढवले तेव्हा आम्हांला ती आपले काहीतरी सांभाळते आहे असेच वाटले. या समजुतीत वावगे काहीच नव्हते. फक्त त्या आडोशाला एक आजार बसू शकतो हे कोणाला माहीत नव्हते.

तो आडोसा फार जुना आहे, आणि केवळ आपला नाही. इटलीतील सिएना गावची कॅथरीन (१३४७ ते १३८०) कोवळ्या वयातच अन्न कमी करत करत पाव, पाणी आणि कच्च्या पाल्यावर आली; तिच्या धर्मगुरूंनी जेवण्याची आज्ञा केली तरी तिला ते जमेना; तेहतिसाव्या वर्षी ती वारली. रुडॉल्फ बेल या इतिहासकाराने १९८५ साली अशा संत स्त्रियांच्या उपवासांची आणि आजच्या आजाराची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. दोनच वर्षांनी कॅरोलिन वॉकर बायनम या विदुषीने त्यावर हरकत घेतली. त्या स्त्रियांच्या उपवासाला त्यांच्या काळात स्वतंत्र अर्थ होता. आजच्या रोगाचे नाव मागे नेऊन त्यांना चिकटवणे हा इतिहास नव्हे, असा तिचा मुद्दा. मला बायनमची बाजू अधिक पटते. आपल्याकडच्या विधवा स्त्रिया वर्षानुवर्षे एकभुक्त राहिल्या. ती त्यांच्यावर लादलेली गोष्ट होती, रोग नव्हता. साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून उपोषण केले. मागणी मान्य झाली आणि दहाव्या दिवशी ते सुटले. उपोषणाला मागणी असते, व्रताला उद्यापन असते. ताईच्या सोळा सोमवारांचे उद्यापन कधी झालेच नाही, आणि आमच्या ते लक्षातही आले नाही.

धर्मशास्त्राची बाजूही पाहावी. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’ आपल्या आजोबांच्या पिढीत घरोघरी प्रमाण मानला जाई. एकादशीचा उपवास कोणी करावा, तर आठ वर्षांवरच्या आणि ऐंशी पुरी न झालेल्या माणसाने, अशी जुनी मर्यादा निर्णयग्रंथ देतात. अशक्ताला एकभुक्त किंवा रात्रीचे हविष्यान्न असे पर्यायही देतात. शास्त्रकार कठोर होते असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. येथे ते आमच्या घरापेक्षा सौम्य होते.

आता वैद्यकाचा इतिहास. आयुर्वेदात ‘अरोचक’ नावाचा विकार आहे आणि त्याचे प्रकार सांगताना तीन दोष व सन्निपात यांच्यापाठोपाठ पाचवा प्रकार मनाचा सांगितला आहे. शोक, भय, क्रोध यांनी होणारा. मनाच्या दुखण्याने जेवण सुटते हे आपल्या वैद्यांना ठाऊक होते. परंतु अरोचकात तोंडाची चव जाते. चव शाबूत असताना घास दूर सारणारी मुलगी पहिल्यांदा नीट टिपून ठेवली ती लंडनच्या रिचर्ड मॉर्टन नावाच्या वैद्याने, आणि ती टिपली कोठे, तर क्षयावरील ग्रंथात. १६८९ साली त्याचा हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. शरीर झिजवणाऱ्या सर्व रोगांची छाननी करताना त्याला दोन रुग्ण असे आढळले की त्यांना ताप नाही, खोकला नाही, धाप नाही, तरी शरीर झिजत चालले आहे. पहिली अठराव्या वर्षातली एक मुलगी. १६८४ च्या जुलैपासून तिची पाळी बंद झालेली, मनाला नाना काळज्या, आणि रात्रंदिवस पुस्तकांत डोके. कातडी पांघरलेला हाडांचा सापळा, असे मॉर्टन तिचे वर्णन करतो. औषधांना ती कंटाळली, ती तिने सोडली आणि तीन महिन्यांत मूर्च्छा येऊन गेली. दुसरा रुग्ण एका धर्मोपदेशकाचा सोळा वर्षांचा मुलगा, तोही अतिअभ्यासी. त्याला मॉर्टनने अभ्यास सोडायला लावला, गावाकडच्या हवेत पाठवले, घोड्यावर बसवले, दुधावर ठेवले. तो बराचसा सुधारला.

क्षयाच्या ग्रंथात हे दोघे सापडावेत याचे मला वाचताना फार वाटले, कारण ताईलाही क्षयच ठरवण्यात आला होता. येथील एका डॉक्टरांनी थुंकीत काही न सापडताही स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने सुरू केली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी वाळत चाललेली तरुण मुलगी म्हणजे क्षय हे समीकरणच होते, आणि निम्म्याहून अधिक वेळा ते बरोबरही येत असावे. घरात दुसरा पक्ष होता तो ‘बाहेरचे काहीतरी’ म्हणणाऱ्यांचा. त्यांनीही आपले उपाय केले.

मॉर्टननंतर जवळजवळ दोन शतके हा धागा हरवला. १८७३ साली तो एकदम दोन ठिकाणी हाती लागला. एप्रिलमध्ये पॅरिसच्या शार्ल लासेग याने आठ रुग्णांवर लेख लिहिला आणि ऑक्टोबरात लंडनच्या विल्यम गल याने आपला निबंध वाचला. गल हा व्हिक्टोरिया राणीचा वैद्य. युवराजाच्या विषमज्वरात केलेल्या उपचारांमुळे त्याला बॅरोनेट हा किताब मिळालेला. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव त्याचे. त्याच्या नजरेची एक खूण अशी की अंगात ताकद उरली नसताना या मुली स्वस्थ बसत नाहीत, सारख्या चालत असतात, हे त्याने हेरले. विहिरीच्या पाण्याच्या कळश्या मला तेथे आठवल्या. लासेगने मुलीपेक्षा घर अधिक बारकाईने पाहिले. घरच्यांपाशी दोनच शस्त्रे असतात, विनवणी आणि धमकी. दोन्ही बोथट होतात, आणि हळूहळू घरातले सगळे बोलणे त्या एका ताटाभोवती फिरू लागते, असे त्याने लिहिले. दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या गावातील हे निरीक्षण मी वाचले तेव्हा आमच्या माजघराचेच वर्णन वाचतो आहे असा भास झाला.

गलचा उपाय साधा होता : ठरावीक वेळाने अन्न, अंगाला ऊब, आणि जवळ अशी माणसे की ज्यांचा शब्द मुलगी मोडणार नाही. नातेवाईक मात्र या शुश्रूषेला सर्वांत निकामी, असे त्याचे मत पडले. पॅरिसच्या शार्कोने तर मुलीला आईबापांपासून वेगळे काढणे हाच पहिला उपाय ठरवला. नातलगांवरचा हा ठपका पुढे शंभर वर्षे टिकला. मध्ये एक आडवळण आले. १९१४ साली हँबर्गच्या मॉरिस सिमंड्सने मेंदूतील पियूष ग्रंथी नष्ट झाल्याने शरीर झिजते असे दाखवले, आणि त्यापुढची दोन-तीन दशके अशा मुलींना ग्रंथींचे अर्क देण्यात गेली. तो गैरसमज दूर झाल्यावर पुन्हा गाडी आईवर येऊन थांबली.

या काळातले सर्वांत मोठे नाव हिल्डे ब्रुख. जर्मनीत जन्मलेली ही ज्यू डॉक्टर १९३३ साली हिटलरच्या राजवटीतून निसटली आणि अमेरिकेत स्थिरावली. १९७३ आणि १९७८ साली तिचे दोन ग्रंथ आले. आजाराआधीची मुलगी कशी होती हे विचारायला ब्रुखने शिकवले, आणि उत्तर सगळीकडून एकच आले : गुणी. हट्ट नाही, उलट उत्तर नाही, शाळेत पुढे, घरात मदतीला. अशा मुलीला स्वतःला काय हवे हे ओळखण्याची सवयच लागलेली नसते, दुसऱ्यांना काय हवे ते ती बरोबर ओळखते. आणि अंगावर ताबा मिळवणे ही तिची आयुष्यातली पहिली स्वतःची कमाई असते, असे ब्रुखचे म्हणणे. त्यातले निरीक्षण टिकले. आईच्या चुकीने हा आजार होतो हे त्यातले गृहीत मात्र टिकले नाही.

आज काय माहीत आहे? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की या आजाराकडे असणारा कल निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक आनुवंशिक आहे. २०१९ साली जवळजवळ सतरा हजार रुग्णांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत आठ जागा सापडल्या, आणि त्यांचे नाते चिंता व मंत्रचळ यांच्याशी जसे निघाले तसेच शरीराच्या चयापचयाशीही निघाले. म्हणजे काही शरीरेच अशी की त्यांना उपाशी राहणे इतरांपेक्षा सोपे जाते. त्याच वर्षी इंग्लंडमधील एका दीर्घ पाहणीतून असे दिसले की पुढे ज्या मुलींना हा आजार झाला त्यांचे वजन उंचीच्या मानाने अगदी चौथ्या वर्षापासूनच इतरांहून कमी होते. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांत पुढे तो अधिक आढळतो, असे स्वीडनमधील जन्मनोंदींवरून १९९९ साली दाखवले गेले. अर्थात अपुऱ्या दिवसांच्या बहुसंख्य मुलींना काहीही होत नाही हे लक्षात ठेवावे. त्याच साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा विकार जडण्याची शक्यता न करणाऱ्यांच्या अठरापट निघाली, मध्यम डाएट करणाऱ्यांची पाचपट.

कल असतो, पण काडी लागावी लागते. बारा ते सोळाचे वय, परीक्षेचे वर्ष, जाडीवरून कोणी केलेली थट्टा, नृत्य किंवा धावण्याच्या सरावातला वजनाचा धाक, आणि पुष्कळदा एखादा साधा आजार. टायफॉइड, कावीळ, पोटाचे दुखणे यांत चार किलो उतरतात. चारचौघी ‘छान दिसतेस’ म्हणतात. ज्या शरीराला उपास सोसतो त्याला तेथून मागे फिरणे अवघड होते. ताईचे बालपण आता आठवून पाहतो. वहीत एक डाग पडला तर ती पूर्ण पान फाडून पुन्हा लिहायची. आईला बाजारातून यायला उशीर झाला की फाटकापाशी रडवेली उभी असायची. ताटातले पदार्थ एकमेकांना लागलेले तिला चालत नसत. यांतली प्रत्येक गोष्ट आमच्याकडे कौतुकाने सांगितली जाई, आणि एकेकटी घेतली तर ती निरुपद्रवीच आहे. डाग पडला म्हणून पान फाडणारी दुसरी एक मुलगी आमच्या वर्गात होती; ती पुढे उत्तम इंजिनीयर झाली आणि आजही दोन वेळा पोटभर जेवते.

ताईची एक सवय मात्र मला कितीतरी वर्षे कोड्यात टाकत होती. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले होते. शेजारच्या काकूंकडून ते आणून ताईने त्यातल्या पाककृती वहीत उतरवून काढल्या. अक्षर मोत्यासारखे. ती रोज काहीतरी करायची, आम्हां भावंडांना बसवून आग्रहाने वाढायची, आम्ही खात असताना एकटक पाहत राहायची आणि स्वतः उपवास सांगायची. याचे उत्तर मला भुकेच्या एका प्रयोगात मिळाले. १९४५ च्या फेब्रुवारीपासून अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, पुढे सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा जेवू कसे घालावे हे शोधण्यासाठी हा खटाटोप होता. त्यांचे वजन पावपट उतरले. मग हे धट्टेकट्टे पुरुष पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले, एकेक घास तासभर चघळू लागले, ताटे चाटू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. म्हणजे आपण ज्याला मुलीचा विक्षिप्तपणा म्हणतो त्यातला बराच भाग उपासमारीने मेंदूवर केलेला परिणाम असतो. आधी वजन, मग उपदेश, हा आजच्या उपचाराचा क्रम त्यातूनच आला आहे.

आणि तेही जपून. राज्य शासनाच्या नोकरीत बैहरकडे असताना मी पोषण पुनर्वसन केंद्रे पाहिली आहेत. अतिकुपोषित बैगा बालकाला तेथे एकदम भरपेट देत नाहीत. थोडे थोडे, मोजून, दर दोन-तीन तासांनी देतात, कारण वाळलेल्या शरीरावर अन्नाचा एकदम मारा झाला तर रक्तातील क्षार बिघडून हृदय बंद पडू शकते. खात्यापित्या घरच्या मुलीलाही हाच नियम लागू आहे. ज्या जिल्ह्यात १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी गावेच्या गावे ओस पडली, ज्या जिल्ह्यात अजूनही मुलांची वजने टांगत्या काट्यावर मोजावी लागतात, तेथे भरल्या ताटावरून उठणाऱ्या मुलीविषयी लिहिताना संकोच होतो हे मान्य करतो. पण उपासमार शरीराला पोहोचते तेव्हा ती कोणत्या दाराने आली हे शरीर विचारत नाही.

आपल्याकडे हा आजार ओळखला का गेला नाही, याचे उत्तर हाँगकाँगहून मिळाले. तेथील सिंग ली या मनोविकारतज्ज्ञाने १९९३ साली सत्तर रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना जाड होण्याची भीती नव्हतीच. पोट फुगते, घास उतरत नाही, नको वाटते, अशी त्यांची कारणे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली पाच तरुण मुलींच्या हकिगती प्रसिद्ध केल्या, त्यांतही असेच दिसले. पाश्चात्त्य पुस्तकांतील व्याख्या जाडीची भीती मागत होती. आपल्या मुली उपवास सांगत होत्या, पोटदुखी सांगत होत्या, आणि व्याख्येबाहेर राहत होत्या. २०१३ साली अमेरिकन मनोविकार संघटनेने व्याख्या सुधारली. आता भीती बोलून दाखवली नाही तरी वजन वाढू न देण्याचे वागणे पुरते, आणि पाळी बंद होण्याची अटही काढली आहे. त्यामुळे मुलगेही नीट ओळखू येऊ लागले.

१९९४ नंतर, विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे किताब आपल्याकडे आले आणि दूरदर्शनच्या पाठोपाठ वाहिन्या आल्या, तेव्हा जाडीची भीतीही आली. फिजी बेटांवर १९९५ साली दूरदर्शन पोहोचल्यावर तीनच वर्षांत शाळकरी मुलींच्या खाण्यात काय बिघाड झाला हे ॲन बेकर यांनी दाखवले आहे. तो विषय सर्वांना परिचित आहे. येथे वाढवत नाही.

ताईचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. १९७५ च्या आरंभी वडिलांनी तिला नागपूरला नेले. तेथे एका वयस्क डॉक्टरांनी फुप्फुसाचे चित्र पाहून क्षय नाही असे सांगितले आणि इंजेक्शने बंद केली. आजाराचे नाव त्यांनी सांगितले असेल तर वडिलांच्या लक्षात राहिले नाही. एवढेच सांगितले की हिच्याशी वाद घालू नका, हातापाया पडू नका, रागावू नका. दिवसातून चार वेळा कोणीतरी एकाच माणसाने हिच्यासमोर ताट घेऊन बसावे, स्वतः जेवावे, आणि हिचे संपेपर्यंत उठू नये.

हे काम आत्याने घेतले. वडिलांची ही थोरली बहीण एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली होती. तेव्हापासून चाळीस वर्षे ती एकभुक्त होती. दुपारी एकदा जेवायची, रात्री पाण्यावर. घरात कोणी तिला असे राहायला सांगत नव्हते, थांबवतही नव्हते. नागपूरहून परतल्या दिवशी संध्याकाळी तिने दोन पाने मांडली, एक ताईचे आणि एक स्वतःचे. आईने तिच्याकडे पाहिले. आत्या म्हणाली, ‘‘वाढ गं, आम्हां दोघींना भूक लागली आहे.’’ पहिल्या दिवशी वाटीभर मऊ भात आणि वरण संपायला दीड तास लागला. ताई रडली, ओरडली, एकदा ताट भिरकावून दिले. आत्याने दुसरे वाढून घेतले. दुपारचे, चारचे, रात्रीचे, असे जवळजवळ आठ महिने चालले. मला आठवते, त्या काळात माजघरातून मोठ्याने बोलण्याचा आवाज येईनासा झाला होता.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून १९८७ साली जेराल्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास बाहेर आला. ज्यांचा आजार एकोणिसाच्या आत सुरू झाला आणि तीन वर्षांहून जुना नाही, अशा मुलींना आईबापांच्या हातून जेवू घालण्याची पद्धत अधिक लागू पडते असे त्यात दिसले. गलने निकामी ठरवलेले नातेवाईक शंभराहून अधिक वर्षांनी उपचाराच्या मध्यभागी आले. आज लहान वयाच्या रुग्णांसाठी हीच पद्धत पुढे ठेवली जाते. आत्या त्याच्या दोन वर्षे आधी वारली. शेवटपर्यंत ती रात्रीचे जेवत असे.

ताईची पाळी १९७६ च्या अखेरीस परत आली. पुढे तिने खासगीरीत्या बी. ए. केले, गोंदियाला शिक्षिका झाली, संसार झाला. सगळेच भरून आले असे नाही. हाडे मजबूत व्हायची ती नेमकी त्या वयात. ते राहून गेले, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी घरातल्या घरात घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले. परीक्षेचे दिवस आले, कोणाचे आजारपण आले, की अजूनही तिचा घास लहान होतो. ते तिला कळते आणि ती बोलून दाखवते. तिच्या शाळेतली एक मुलगी डबा तसाच परत नेते हे तिने पंचवीस वर्षांपूर्वी हेरले होते. तेव्हा तिने त्या मुलीला काही विचारले नाही, तिच्या आईला बोलावून घेतले. मुलीचे वजन पाहण्याआधी तिने आईला विचारले होते की घरी इतरांना कोण वाढते.

पाककृतींची ती वही माझ्यापाशी आहे. निम्म्या पानांनंतर अक्षर बदलते. तेथून पुढे प्रमाणे अंदाजाने लिहिली आहेत आणि कागदाला तेलाचे डाग आहेत.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी ताईला वाचून दाखवला. तिने एकच दुरुस्ती सांगितली. कावीळ १९७३ च्या पावसाळ्यात झाली असे मी लिहिले होते. तो उन्हाळा होता, अंगणातल्या झाडाच्या कैऱ्या उतरवणे चालले होते आणि लोणच्याची फोड मागितली म्हणून आईने तिला रागे भरले होते, असे ती म्हणाली. त्याप्रमाणे वर बदल केला आहे.